एकाच बटणाची चौकट

व्हायरस काढणं सोपं असतं. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही, कारण मग त्यांनी आमच्या दुकानाची पायरी चढली नसती. अवघड असतं ते त्याच्या नंतरचं. मशीन साफ करून घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालू होतं आणि पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट येते: अमुक फाइल सापडत नाही. खाली एकच बटण, ओके. व्हायरस गेलेलाच असतो. पण जाण्याआधी त्याने मशीनला बजावून ठेवलेलं असतं, की रोज उठल्याबरोबर मला हाक मार. मशीन बिचारं सांगकामं. ते हाक मारतं, कोणी ओ देत नाही, मग ते तक्रार करतं. गिऱ्हाईक धावत परत येतं, "भाभी, वायरस गया नहीं, रोज सुबह डब्बा आ रहा है."

मी त्यांना समजावून सांगायची. शाळा सोडून गेलेल्या पोराचं नाव हजेरीपटावर तसंच राहिलंय, मास्तर रोज पुकारतात, एवढंच. नाव खोडलं की पुकारणं बंद. नाव खोडायला मला पाच मिनिटं लागत. एकच नाव असं निघालं, ज्याच्यामागे मी नऊ दिवस घालवले.

गोंदियात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, दोन टेबलांचं. दाराजवळचं टेबल नवऱ्याचं, आतलं माझं. तो हार्डवेअर बघायचा, मी सॉफ्टवेअर. संध्याकाळी मी शिकवणीही घ्यायची, तेव्हा तो मागच्या बाकावर बसून पंखे साफ करत ऐकायचा. तो केशोरीचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. मी गोंदिया शहरातली. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची रीत. त्यामुळे त्याची बोली मला लग्नानंतर नव्याने शिकावी लागली. त्यांच्याकडे 'काय'ला 'का' म्हणतात, आणि शहाणी माणसं 'का' म्हणतात तिथे तो 'काऊन' म्हणायचा, आणि त्याचं निम्मं बोलणं त्याच शब्दाने सुरू व्हायचं. "काऊन गा, कायले लावलास तो पेनड्राइव्ह?" हे गिऱ्हाइकाला. "काऊन वं, जेवलीस नाही?" हे मला.

पेनड्राइव्ह त्या वर्षांत घरोघरी पोचले होते आणि त्यांच्याबरोबर व्हायरस. फोटो स्टुडिओतून, सायबर कॅफेतून, राइस मिलच्या ऑफिसातून, जिथून म्हणाल तिथून. त्यावर आम्हा दोघांचे दोन पंथ होते. मी एकेक फाइल वेचून काढायची, गिऱ्हाइकाचं काही जाऊ नये म्हणून. त्याला ते पटत नसे. त्याचा उपाय एकच, सगळी डिस्क पुसा आणि पहिल्यापासून भरा. फॉर्मेट मारला की विषय संपला. "काऊन एवढी माती चाळत बसतेस?" असं मला वर ऐकवायचा.

शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. बिरसीचे एक गृहस्थ मोटरसायकलवर मागे बांधून आपला सीपीयू घेऊन आले होते. मी घरी होते. त्याने नेहमीसारखा फॉर्मेट मारला. त्या डिस्कवर त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. मी दुकानात पोचले तेव्हा ते गृहस्थ नुसते उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सीपीयू उचलला, मोटरसायकलला पुन्हा दोरीने बांधला आणि गेले.

"आधी विचारत का नाहीस?" मी म्हटलं.

"काऊन विचारू? साराच्या सारा व्हायरस होता."

"एक शब्द विचारायचा असतो. एक शब्द. तुला कधी कुणाला काही विचारावंसं वाटतच नाही."

मग मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. माझा राग तसाच आहे, आवाज न करणारा आणि लांबलचक. त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मला कामठ्याच्या शाळेत संगणक बसवायला जायचं होतं. तीन दिवस मी सकाळी बसने जायची आणि संध्याकाळी यायची, जेवण वाढायची, भांडी घासायची, झोपायची. त्याने दोनदा विचारलं, "काऊन बोलत नाही वं?" मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या दुकानदाराने त्याला रिक्षात घातलं. कामठा काही लांब नाही, पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

मी रडले नाही. हे लिहिताना अजूनही लाज वाटते, पण नाही रडले. जलदान विधीला केशोरीहून सगळी भावकी आली, बुद्धवंदना झाली, बाया माझ्याकडे बघत राहिल्या की आता रडेल, मग रडेल. मी सगळ्यांना चहा मिळाला की नाही ते पाहत होते. एक जण दुसरीला म्हणाली, "हिले काही होऊनच नाही राह्यलं का?" ते मला ऐकू आलं आणि मला वाटलं, बरोबर विचारते आहे ही. मला खरंच काही होत नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही. उन्हात उभी राहिले तर कुणी हाताला धरून सावलीत आणायचं. भेटेल तो विचारायचा, कशी आहेस, आणि मी म्हणायची, ठीक आहे. वर्षभर मी तेवढंच म्हणाले.

दुकान नवव्या दिवशी उघडलं. त्याच्या मशीनवर मी कापड टाकलं आणि त्या टेबलावर गिऱ्हाइकांची बिघडलेली डबडी रचून ठेवायला लागले.

सासू तेव्हापासून माझ्याकडेच राहायला आली. तिचं शिक्षण चौथी, बोलणं बिनमुलाजाचं, आणि तिला मी फारशी आवडत नव्हते, कारण मी तिच्या मुलाला शहराचं केलं. पण ती आली आणि राहिली. दिवसा दुकानात येऊन माझ्या टेबलाजवळ खाली बसायची, ताटलीत लाखोरीची डाळ निवडत. आम्ही दोघी तासन् तास बोलायचो नाही. माझी त्याला हरकत नव्हती.

वर्ष होत आलं तेव्हा ती धानाच्या चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, केशोरीला जाऊन आली आणि येताना एक विचार घेऊन आली.

"त्याचा कम्पूटर गावच्या विहारात देऊन टाकू," ती म्हणाली. "अभ्यासिका काढली आहे तिथं. पोरं परीक्षेचा अभ्यास करून राह्यले. वर्षाच्या दिवशी देऊ, त्याच्या नावानं राहील."

"द्या," मी म्हटलं. कुणी माझी साडी मागितली असती तरी त्याच आवाजात दिली असती.

त्याचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं. कपडे वाटून झाले होते, गाडी त्याच्या चुलतभावाने नेली होती. स्मृतिदिनाला अकरा दिवस होते. मी डबडी खाली उतरवली, कापड काढलं, धूळ पुसली आणि मशीन सेफ मोडमध्ये चालू केलं, म्हणजे आपोआप उघडणारं काहीच, व्हायरससुद्धा, जागं होत नाही.

ते व्हायरसचं आगर झालं होतं. होणारच. कुठल्याही गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आम्ही आधी त्याच्यात लावून बघायचो, आणि तो बघण्याचं तेवढं काम करायचा, साफ करण्याचं माझ्यावर ठेवायचा. फोल्डर लपलेले, त्यांच्या जागी त्याच नावाच्या नकली फाइली. मी माझ्या पद्धतीने बसले. इंटरनेटवरून नवा अँटीव्हायरस उतरवून घेतला, तो चालवला, लपलेलं उघड केलं, नकली काढलं. दिवसभराचं काम होतं आणि ते करताना हात आपोआप चालत होते, हे मला बरं वाटलं.

शेवटचा टप्पा माझा ठरलेला होता. व्हीबीएस म्हणून एक फाइलींचा प्रकार असतो, मशीनला द्यायच्या हुकमांच्या चिठ्ठ्या म्हणा. त्या लिहायला मी शिकवणीत शिकवायची, पण आमच्या एकाही गिऱ्हाइकाला त्या कधी लागल्या नाहीत. ज्या सापडत त्या व्हायरसनेच टाकलेल्या असत. म्हणून माझा नियम होता: सगळ्या डिस्कवर शोधायच्या, सगळ्या निवडायच्या, उघडून बघायच्या नाहीत, शिफ्ट धरून डिलीट. शिफ्ट धरलं की फाइल कचऱ्याच्या डब्यातही जात नाही, सरळ जाते. तीसेक निघाल्या. मशीनने विचारलं, नक्की काढायच्या? मी होय म्हटलं.

मशीन बंद करून या वेळी नेहमीसारखं चालू केलं. पडद्यावर नेहमीची हिरवीगार टेकडी आली, निळं आभाळ आलं, आणि मधोमध चौकट आली. स्क्रिप्ट फाइल सापडत नाही. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, के, ए, यू, एन.

कौन, मी वाचलं. गोंदियात वाढलेलं माणूस इंग्रजी अक्षरं आधी हिंदीतच वाचतं. व्हायरसवाल्यांना असले चाळे आवडतात हे मला माहीत होतं. कुणी प्रेमपत्र म्हणून पाठवतं, कुणी लॉटरी म्हणून, हा 'कौन' म्हणून आला असेल. ओके दाबलं, चौकट गेली. उद्या नाव खोडू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री उघडली. रजिस्ट्री म्हणजे मशीनचा मोठा हजेरीपट. चालू होताना कुणाकुणाला पुकारायचं याच्या याद्या तिच्यात असतात आणि त्यांच्या जागा मला पाठ होत्या. पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसरीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वेळापत्रक लावून ठेवलेली कामं पाहिली, तिथे नव्हतं. चौथ्या दिवशी सगळ्या रजिस्ट्रीत शोध लावला, बराच वेळ तो फिरत राहिला आणि शेवटी म्हणाला, शोध संपला. आणि रोज सकाळी चौकट ठरल्यासारखी येत होती. कौन. ओके. कौन. ओके.

आमच्याच धंद्यातल्या एका ओळखीच्याला फोन केला. तो हसला. "भाभी, इतना क्या सोचना? फॉर्मेट मारो और दे दो."

ते मला करायचं नव्हतं. विहारातल्या पोरांना काय कळणार होतं, फॉर्मेट केलंय की वेचून काढलंय? पण फॉर्मेट हा त्याचा मार्ग होता. त्याच्याच मशीनवर तो मारला असता तर तो भांडण जिंकला असता. माणूस जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी अजून त्याच्याशी भांडत होते, एवढी एकच गोष्ट माझ्यात जिवंत होती म्हणा ना.

नवव्या दिवशी सकाळी सासू नेहमीसारखी डाळ घेऊन बसली. मशीन चालू झालं, टुणकन आवाज आला, चौकट आली.

"रोज का म्हणून राह्यला तो डब्बा?" तिने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिने मशीनबद्दल काही विचारलं असेल.

"काही नाही. विचारतो, कौन."

"काऊन?" ती डाळीतून वर न बघता म्हणाली. "मंग सांग ना त्याले, काऊन ते."

मी पडद्याकडे पाहिलं. के, ए, यू, एन. चौकट तीच होती, अक्षरं तीच होती. मी ती पुन्हा वाचली, या वेळी तिच्यासारखी.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणाला होता, "काऊन?" इतका वेळ काऊन, असं त्याला विचारायचं होतं. मी आतून ओरडले होते, "मैं हूँ, और कौन!" तो हसून हसून खाली बसला होता. पुढे कितीतरी वर्षं त्याने काऊन म्हटलं की मी मुद्दाम म्हणायची, मैं हूँ. शेवटी शेवटी म्हणत नव्हते.

हे व्हायरसने नाही, त्याने ठेवलेलं असेल तर? मग मला जागा सुचली. मी सगळे चोरदरवाजे पाहिले होते, समोरचं दार पाहिलं नव्हतं. स्टार्ट मेनूतच स्टार्टअप नावाचं एक फोल्डर असतं, उघड्यावर, कुणालाही दिसेल असं. मशीन चालू होताना जे उघडायला हवं ते त्यात टाकायचं, हे मी शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात शिकवायची. व्हायरस तिथे सहसा राहत नाहीत, म्हणून मीही तिथे जात नव्हते. फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती, त्याच्या जुन्या डॉसच्या दिवसांतल्या पद्धतीची, दोन ओळींची. त्या दोन ओळी काऊनला हाक मारत होत्या. फाइलीवर तारीख होती त्याच्या शेवटच्या दिवसाची, वेळ सकाळी पावणेअकराची.

सगळं इतकं सरळ होतं. एरवी दुकान मी उघडायची आणि दाराजवळचं म्हणून त्याचं मशीन आधी चालू करायची. कामठ्याचं काम तिसऱ्या दिवशी संपणार होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं असतं, मशीन चालू केलं असतं, आणि त्याने मला विचारलं असतं. एक शब्द विचारायचा असतो, असं मीच त्याला सुनावलं होतं ना. मागच्या बाकावर बसून, पंखे पुसता पुसता त्याने माझाच धडा ऐकून ठेवला होता आणि तो शब्द विचारला होता. आणि मी, न विचारता काही पुसू नये म्हणून तीन दिवस अबोला धरणारी, तो न उघडता, न वाचता, शिफ्ट धरून पुसला होता.

मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते स्वतःवरच आलं.

पुसलेल्या फाइली परत काढायचं साधन माझ्याकडे होतं. ते लावलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पुसलेल्या फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर जातं, म्हणून मला माहीत होतं काय शोधायचं. सापडली. पुढे मोकळी जागा, मग ए, यू, एन. उघडली तर आत अँटीव्हायरसचा कचरा भरलेला. नऊ दिवस मी त्या मशीनवर उतरवत होते, चाळत होते, शोधत होते, आणि त्यातलंच काहीतरी तिच्या जागेवर जाऊन बसलं होतं. त्याच्या मजकुराचं एकही अक्षर उरलं नव्हतं.

शिकवणीत मी दोन प्रकारच्या चौकटी शिकवायची. एकीत नुसतं वाक्य असतं आणि खाली ओके. दुसरीत प्रश्न असतो आणि खाली उत्तर लिहायला रिकामी पट्टी असते. त्याने कोणती लिहिली होती? मला ते कधीच कळणार नाही. पट्टीवाली असती तर मी काय लिहिलं असतं, हेही नाही.

सासूला मी सगळं सांगितलं. तिला फाइल, फोल्डर काही कळलं नसेल, पण तिने डाळीची ताटली बाजूला ठेवली.

"मंग हा नाही द्यायचा," ती म्हणाली.

स्मृतिदिनाला आम्ही केशोरीला गेलो. विहारात माझ्या टेबलावरचं मशीन दिलं, ते तसंही नवं होतं. पोरांनी त्यावर फुलं ठेवली. कुणीतरी त्याच्याबद्दल दोन शब्द बोललं, विचारायला येणाऱ्याला तो कधी नाही म्हणायचा नाही वगैरे. मी ऐकलं. सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते आणि मला पुन्हा काही झालं नाही.

परत आल्यावर मी त्याच्या टेबलावर बसायला लागले. ती दोन ओळींची फाइल काढली नाही. पाच मिनिटंही लागली नसती, नुसती उचलून टाकायची. नाही काढली. रोज सकाळी मशीन उठायचं, त्याला पुकारायचं, आणि सापडत नाही म्हणायचं. मी ओके दाबायची आणि कामाला लागायची.

आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी मिलवाल्यांचा माणूस प्रिंटर घेऊन उभा होता. टुणकन आवाज झाला. सासूने मान वर केली.

"विचारला का त्यानं?"

"विचारलं."

"मंग का सांगितलीस?"

"ओके म्हटलं."

"एवढंच?"

मी काहीतरी बोलायला गेले. तिथे एकच बटण आहे, दुसरं काही म्हणायची सोयच नाही, असं काहीसं मला तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाजाच्या जागी रडू आलं. टेबलावर डोकं टेकून, हुंदके देऊन, गिऱ्हाइकासमोर. मिलवाल्यांचा माणूस गोंधळला. प्रिंटर हातात तसाच धरून म्हणाला, "भाभी, मैं बाद में आऊँ क्या?"

"थांब गा थोडा," सासू त्याला म्हणाली. "ते आता रडून राह्यली."